काडीत माल नाही : निफाड तालुक्यातल्या तीन एकर द्राक्षबागेचं प्रकरण

निफाड तालुक्यात गोदाकाठापासून जरा आत, काळ्या जमिनीत तीन एकर द्राक्षबाग आहे. मालक सत्तरीकडे झुकलेले. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, इथेही तेवढंच पुरे. बागेचं रोजचं बघतो तो मुलगा, कृषी पदविका घेतलेला. दीड एकर थॉमसन हा हिरवा वाण, दीड एकर शरद हा काळा, दोन्ही डॉगरिज खुंटावर, म्हणजे त्या जातीच्या मुळांवर कलम केलेले. शिवाय दोन एकर कांदा आणि घरापुरता गहू. मी या बागेत सल्लागार म्हणून जातो.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण सरळ आहे. २०२३ आणि २०२५ या दोन हंगामांत या एकाच बागेला हवामानाचे दोन फटके बसले. पहिल्या वेळी नुकसान डोळ्यांदेखत झालं, अर्ध्या तासात. दुसऱ्या वेळी नुकसान झालंय हे कळायलाच चार-पाच महिने गेले. माझ्या मते दुसरा फटका जास्त गंभीर होता. आणि आपली मदत, विमा, अनुदान, सल्ला हे सगळं पहिल्या प्रकारच्या नुकसानीच्या बेतानं उभं केलेलं आहे.

पहिला फटका : २६ नोव्हेंबर २०२३

त्या वर्षी एल निनो होता. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट २०२३ चा. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. सिन्नर आणि येवला हे दोन्ही निफाडच्या शेजारचे. त्याच सुमारास नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जिल्ह्यात पारावर, चहाच्या टपरीवर, बाजार समितीत एकच विषय होता : पाणी जातंय, उन्हाळ्यात आपलं काय?

आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, रविवारी, गारा पडल्या.

हवामान खात्याचा इशारा होता, हे मुद्दाम सांगतो. खात्याला शिव्या घालायची आपल्याकडे सवय आहे. नानांच्या मुलाच्या मोबाइलवर आदल्या दिवशीच संदेश आला होता. पण उघड्या बागेत इशाऱ्याचं करायचं काय? पाऊस येणार म्हटलं तर एक बुरशीनाशकाचा हात आधीच मारून घेता येतो. तो त्यांनी मारला. गारांवर औषध नाही.

थॉमसनची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे बाग साधारण पन्नास दिवसांची. फुलोरा संपून मणी सेट झालेले, चार-पाच मिलिमीटरचे, विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, निम्म्यावर आलेली. काळा प्लॉट सप्टेंबरात छाटलेला, तिथं मणी फुगत होते आणि पाणी उतरायला, म्हणजे मणी पिकू लागायला, पंधरा-वीस दिवस होते. दुपारनंतर आभाळ भरून आलं. आधी वारा, मग गारा, मग पाऊस. ओळीतल्या बोदांवर, म्हणजे मातीच्या वरंब्यांवर, गारांचा खच आणि त्यावर फाटलेली पानं.

घडाचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं असतं. गार बसल्याबरोबर मण्यावर फारसं काही दिसत नाही, नुसता पाणचट ठिपका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो तपकिरी पडतो. मणी लहान असेल तर तिथं खरवड धरते आणि मणी वाकडा वाढतो. मोठा असेल तर त्याच जागी तडकतो, रस बाहेर येतो आणि शेजारचे चार मणी घेऊन कुजतो. एका घडात असे सात-आठ मणी असले तरी तो घड युरोपच्या पेटीतून बाद. कात्रीनं एकेक मणी काढता येतो, पण त्या मजुरीत घड परवडत नाही. शिवाय गार काडीवर बसते तेव्हा साल फुटते, आणि ती जखम पुढच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीपर्यंत वेलीवर राहते.

गारांनंतरचं मोठं भय डाऊनी या बुरशीच्या रोगाचं. पानं-घड ओले, वर ढग, जमीन चिंब. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत फवारणी बसली पाहिजे. पण काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घातला की चाकं रुतणार. त्यामुळे त्या रात्री बापलेकांनी आणि दोन गड्यांनी खांद्यावर डस्टर घेऊन भुकटी धुरळली. दुसऱ्या दिवशी वेलींना हलवून घडातलं पाणी झटकलं. वाफसा आल्यावर ब्लोअर चालू झाला तो जवळजवळ दिवसाआड. जास्तीच्या प्रत्येक फवारणीत औषध गेलंच, डिझेलही गेलं. हवामान बिघडलं म्हणून डिझेल जास्त जळतं, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत दिसते आणि हवामानाच्या चर्चेत कधी दिसत नाही.

विरळणीला आलेली टोळी सुरगाण्याची होती. पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं छाटणीपासून काढणीपर्यंत निफाड-दिंडोरीच्या बागांत एकरी उक्त्यानं काम घेतात. गारा पडल्यावर काम अर्ध्यात थांबलं. नानांनी झालेल्या कामाचे पैसे दिले. उरलेल्याचं काय, हा प्रश्न मुकादमानं विचारला आणि नानांकडे उत्तर नव्हतं. पंचनाम्यात या लोकांचा रकाना नसतो. गेलेल्या पिकाची मोजदाद होते, बुडालेल्या मजुरीची होत नाही, आणि यावर बोलायला कोणाला फारशी गरज वाटत नाही.

कांद्याचं थोडक्यात. लाल कांदा काढणीच्या तोंडावर होता, पात झोडपली गेली. जे हाती आलं ते लासलगावला न्यायच्या बेतात असताना ७ डिसेंबरला केंद्रानं कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली. ते हवामानाचं काम नव्हे, धोरणाचं. पण शेतकऱ्याच्या घरात दोन्ही एकाच महिन्यात येतात आणि एकाच खिशातून जातात.

मदतीचा हिशेब

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचा पंचनामा आठवडाभरात झाला. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तरच मदत, हा नियम. आता गंमत अशी, की कूज दिसायला दहा-पंधरा दिवस लागतात. पंचनाम्याच्या दिवशी घड हिरवे दिसत होते. सुदैवानं कृषी सहायक स्वतः बागायतदाराचा मुलगा होता, त्याला ठिपका वाचता येत होता.

डिसेंबरच्या अधिवेशनात सरकारनं मदत वाढवून बहुवार्षिक पिकांना हेक्टरी ३६,००० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत, असं जाहीर केलं. म्हणजे एकरी साधारण १४,४०० रुपये. निर्यातीची बाग खरड छाटणीपासून काढणीपर्यंत सांभाळायची तर नानांच्या वहीत एकरी तीन लाखांच्या आसपास खर्च लागतो, आणि नोव्हेंबरअखेर त्यातला निम्म्याहून जास्त झालेला असतो. मदत मिळाली नाही असं कोणी म्हणू नये. ती कशाला पुरते एवढंच बघावं : बऱ्या कंपनीच्या औषधांच्या दोन-तीन हप्त्यांना.

फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. म्हणजे बागेत काय झालं यावर नव्हे, तर महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रानं काय नोंदवलं यावर भरपाई ठरते. पावसाला हे थोडंफार चालतं. गारांचा पट्टा मात्र एक शिवार झोडपून शेजारचं कोरडं सोडतो. त्यामुळे गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं जोडसंरक्षण घ्यावं लागतं.

थॉमसनचा निम्मा माल स्थानिक बाजाराला गेला, काळ्यातला बराच बेदाण्यावाल्याला. निर्यातीला गेलेल्या थोड्या पेट्यांचे कंटेनर त्या जानेवारीत तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून गेले, त्यामुळे भाडं आणि दिवस दोन्ही वाढले. तो विषय वेगळा आहे.

या हंगामाच्या शेवटी नाना म्हणाले, "चौदाला गारा, एकोणीसला वादळाचा पाऊस, एकवीसला डिसेंबरात पाऊस, आता तेवीस. पूर्वी दहा वर्षांतून एक साल खराब म्हणायचो. आता चांगलं साल कोणतं ते आठवावं लागतं." त्यांची यादी बरोबर आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट राज्यभर लांबली होती. २०१९ साली ऑक्टोबरअखेर क्यार आणि नोव्हेंबरात महा ही दोन चक्रीवादळं लागोपाठ अरबी समुद्रात होती आणि त्यांच्या पावसानं ऐन फुलोऱ्यातल्या बागा गेल्या.

कव्हर घातलं म्हणजे झालं?

२०२४ च्या उन्हाळ्यात घरात चर्चा झाली ती प्लास्टिक कव्हरची. वर कमानी, त्यावर आच्छादन. पाऊस घडावर पडत नाही, डाऊनी आटोक्यात राहते, गारांचा मार बराच थांबतो. राज्यानं प्रायोगिक योजना काढली होती : एकरी ४,८१,३४४ रुपये खर्च धरून निम्मं, म्हणजे २,४०,६७२ रुपये अनुदान, एका शेतकऱ्याला एक एकरापर्यंत. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष साठ हजार हेक्टरांच्या आसपास. यातल्या किती बागांवर प्रायोगिक योजनेची सावली पडणार, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

मुलानं अर्ज केला. सोडतीत नंबर लागला नाही. स्वतःच्या पैशानं करायचं तर मागचं कर्ज उभं होतं, पीककर्जाची ३१ मार्चची तारीख कुणासाठी थांबत नाही. तरी एका एकरावर कव्हर घालायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि मीही घाला म्हणालो होतो. आजही म्हणेन. नोव्हेंबरच्या गारांना ते उत्तर आहे.

पण मग २०२५ आलं.

दुसरा फटका : जो दिसला नाही

द्राक्षाची माहिती नसलेल्यांसाठी एक गोष्ट सांगावी लागेल. नाशिककडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नुसत्या काड्या तयार करायच्या. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, तिच्यातून घड घ्यायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं पीक ऑक्टोबरात सुरू होतं. प्रत्यक्षात घड ठरतो तो मे-जूनमध्ये. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या कोवळ्या अवयवाचा घड व्हायचा की बाळी (वेल ज्यानं आधार धरते तो तंतू), हे तेव्हाच ठरतं. त्याला हवं असतं स्वच्छ ऊन, कोरडी हवा आणि पाण्याचा थोडा ताण. नाशिकचा मे महिना यासाठीच तर सोन्यासारखा होता. ढगाळ हवा आणि जमिनीत मुबलक पाणी असलं की वेलीत जिबरेलिनचं प्रमाण वरचढ होतं, शेंडा धावतो, आणि घडाची बाळी होते. नत्र जास्त पडलं तरी तेच.

२०२५ च्या मे महिन्यात पहिल्या आठवड्यापासूनच पाऊस लागला. अवकाळी संपतोय म्हणेपर्यंत मोसमी पाऊस आला : केरळात २४ मेला, मुंबईत २६ मेला. नानांची खरड छाटणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. मोजून पाहा, चाळिसावा दिवस कुठे येतो.

बाग वरून सुरेख दिसत होती. हिरवीगार, जोमदार. येणारे-जाणारे म्हणायचे, नाना, यंदा बाग भारी आहे. मुलगा मात्र अस्वस्थ होता. त्यानं शेंडे मारले, सबकेन केली (शेंडा मारून बगलफुटीवर काडी वाढवली), पालाशचे हात दिले, मे महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा डाऊनीच्या फवारण्या केल्या. पण मुळाशी पाणी आणि वर आभाळ असताना ताण द्यायचा कसा? पुढे पाऊस सप्टेंबर ओलांडून ऑक्टोबरातही राहिला, काड्या पक्व व्हायला उशीर झाला.

गोडी छाटणीआधी काही बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतात. डोळ्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की आत घड आहे की नाही ते कळतं, आणि कितव्या डोळ्यावर छाटणी घ्यायची ते ठरवता येतं. मुलानं दोन्ही प्लॉटच्या काड्या नेल्या. मी सोबत होतो. चांगल्या वर्षी पाचव्या-सहाव्या डोळ्याच्या कापात मधोमध शेंगदाण्यासारखा फुगीर उंचवटा दिसतो, त्याला खाचा असतात. इथे एकामागून एक काप सरकवले गेले आणि उंचवट्याच्या जागी बारीक, सपाट टोक. तपासणाऱ्या मुलीनं सातव्या, आठव्या, नवव्या डोळ्यापर्यंत जाऊन पाहिलं. थॉमसनमध्ये माल जवळपास नाही, काळ्यात थोडा आहे, असा अहवाल.

अहवाल अचूक होता आणि वेळेवर होता. उपयोग काय? घड ठरायचा तो मे महिना चार महिने मागे गेला होता. लांब काडी ठेवून वरच्या डोळ्यांवर छाटणी घेतली, एवढाच पर्याय. फुटी निघाल्या तेव्हा अहवालाचा शब्द न् शब्द खरा झाला. काही गोळीघड, म्हणजे बारीक अर्धवट घड, निघाले, त्यातले बरेच पुढच्या पावसात वेलीवरच जिरून गेले. एरवी ज्या वेलीवरून घड कमी करून चाळीसच्या आत आणायचे, तिथे मुलगा एकेका वेलीखाली उभा राहून आठ, नऊ, अकरा असं मोजत होता.

आता पंचनामा कशाचा करणार? पडलेलं काही नाही, कुजलेलं काही नाही. पानं हिरवी, वेल निरोगी. न आलेल्या घडाचं टक्केवारीत नुकसान कसं लिहायचं, असं कृषी सहायकानंच विचारलं, आणि त्यात त्याचा दोष नाही. विमा पाहावा तर द्राक्षाचं संरक्षण गोडी बहाराला धरून, ऑक्टोबरपासून पुढचं. मे महिन्याच्या आभाळाला त्यात जागा नाही. आणि कव्हर? ते गारा अडवतं, पाऊस अडवतं. ऊन आणून देत नाही.

म्हणून मी दुसऱ्या फटक्याला जास्त गंभीर म्हणतो. पहिल्या प्रकाराशी पैशानं लढता येतं. पैसा कमी पडतो हे खरं, पण वाट आहे. दुसऱ्यात खर्च करून उभं करण्यासारखं फारसं काही नाही. वाण बदलता येतील, खुंट बदलता येईल, छाटणीची तारीख मागेपुढे करता येईल. पण ही सगळी धडपड मे कोरडा असेल, निदान त्यातले काही आठवडे कोरडे असतील, या भरवशावर.

आभाळाचं कारण

एका गारपिटीवर किंवा एका मे महिन्यावर 'हवामान बदल' असा शिक्का मारणं शास्त्राला धरून होणार नाही. गारांच्या बाबतीत तर पुरावा अजून कच्चा आहे. पक्कं जे आहे ते असं : हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. नाशिक याच समुद्राच्या वाऱ्यांवर जगतं.

२०२४ हे औद्योगिकीकरणाआधीच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं, जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं सुमारे १.५५ अंश. २०१५ च्या पॅरिस करारात जी रेघ ओलांडू नये म्हणून ठरली होती, ती एका वर्षापुरती का होईना ओलांडली. करारातली रेघ दीर्घ सरासरीची आहे, त्यामुळे करार मोडला असं लगेच म्हणता येत नाही. पण दीड अंशात थांबायचं तर २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत जगाचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन ४३ टक्क्यांनी घटायला हवं, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञगटानं सांगितलं आहे. प्रत्यक्षात ते अजून घटायला लागलेलं नाही.

इथे मला प्रयोगशाळेतला तो काप आठवतो. आज सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची ऊब दशकभरात पुरती जाणवू लागते आणि त्यातला मोठा वाटा शतकानुशतकं हवेत राहतो. म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं आभाळ बरंचसं आधीच डोळ्यात ठरलेलं आहे. आपण अजून जे ठरवू शकतो ते त्यापुढचं, नानांच्या नातवाच्या बागेचं. फुटी निघाल्यावर बघू म्हणणाऱ्याला द्राक्षात काही करता येत नाही. कार्बनच्या बाबतीत सगळं जग तेच म्हणतंय.

यात नानांचा दोष किती? भारतीय माणसाचं दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे निफाडच्या बागायतदाराला पर्यावरणाचे धडे देणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. नाशिकच्या वातानुकूलित सभागृहात 'हवामान-स्मार्ट शेती'वर भाषण ठोकायचं, एक रोप लावून फोटो काढायचा आणि पुढच्या कार्यक्रमाला निघायचं, असं बरंच चालतं. रोपाबद्दल माझी तक्रार नाही, फोटोबद्दल आहे.

पण आपल्या हातात काहीच नाही, हेही खोटं. निफाडहून नाशिककडे येताना एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. २१० मेगावॅटचे तीन कोळशाचे संच, वय चाळिशीच्या पुढे. त्याच जिल्ह्यात मोटारीला रात्रीची वीज येते म्हणून शेतकरी बिबट्याच्या भीतीनं बॅटरी आणि काठी घेऊन बारं द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो. दिवसा वर ऊन तळपतंय आणि आपण रात्री कोळसा जाळून पाणी उपसतोय. शेतीचे फीडर (वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) सौर ऊर्जेवर आणणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला मी म्हणूनच हवामानाचं काम मानतो. मात्र ती किती गावांत जाहीर झाली यापेक्षा किती फीडर दिवसा चालू झाले ते मोजायला हवं. नानांच्या फीडरवर आठवड्याची पाळी अजून दिवस-रात्र अशी फिरते.

बागेच्या आतही जागा आहे. नत्राच्या खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. आणि जास्तीचं नत्र मे महिन्यात बाळी वाढवतं हे वर आलंच आहे. माती-पाणी-देठ तपासून युरियाचा हात आखडला तर वेलीचं आणि हवेचं दोन्हींचं भलं होतं. मुलानं २०२५ नंतर पहिली गोष्ट केली ती हीच. नानांना पटायला वेळ लागला, कारण हिरवीगार बाग म्हणजे चांगली बाग हे पन्नास वर्षांचं गणित. २०२५ च्या हिरव्या बागेनं ते मोडलं.

आणि जे सरकारनंच करायचं आहे ते वेगळं. विम्याचं वर्ष ऑक्टोबरात नव्हे, खरड छाटणीला सुरू व्हायला हवं. मे-जूनमधले ढगाळ दिवस आणि पाऊस हे भरपाईचे निकष व्हायला हवेत. डोळे तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल नुकसानीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गोष्ट पंचनाम्यात का लिहू नये? यासाठी नवं शास्त्र लागत नाही, एक शासन निर्णय लागतो. मदतीच्या नावानं दर वर्षी जाहीर होणाऱ्या रकमांच्या तुलनेत हे स्वस्त आहे. पण हेही नुकसान भरून काढणंच झालं. मे महिना परत आणणं त्यात नाही. तो आणायचा तर कोळसा, तेल आणि वायू जाळणं जगभर आणि झपाट्यानं कमी व्हावं लागेल, आणि भारतानं २०७० पर्यंत शून्य उत्सर्जनाचं जे लक्ष्य २०२१ साली ग्लासगोला जाहीर केलं, त्यातला मोठा टप्पा पहिल्या दहा वर्षांतच उरकावा लागेल. शेवटच्या दहांवर ढकलून भागणार नाही.

आजची स्थिती

थॉमसनचा दीड एकर काढून टाकायचा, असं घरात जवळपास ठरलं आहे. तारा-अँगल तसेच ठेवायचे, कारण लोखंडाला भंगारात काही मिळत नाही आणि पुन्हा उभं करायला कोणाच्या बापाला परवडणार नाही. तिथं दोन हंगाम भाजीपाला घेऊन बघायचं. काळी शरद ठेवायची. कव्हरचा अर्ज या वर्षीही भरला आहे, तो काळ्या प्लॉटसाठी.

वाद आहे तो छाटणीच्या तारखेचा. मुलाचं म्हणणं, खरड छाटणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच उरकायची, म्हणजे घडनिर्मितीचे पहिले काही आठवडे तरी पावसाआधी उन्हात मिळतील. नानांचं म्हणणं, मार्चअखेर माल उतरून झालेला नसतो, सुरगाण्याची टोळी शिमग्याला घरी गेलेली असते, वेलीला काढणीनंतर विश्रांती लागते, आणि विहिरीचं पाणी एप्रिल-मेच्या फुटीला पुरेल याची खात्री नाही. दोघांचंही बरोबर आहे. मी काळ्या प्लॉटच्या चार ओळी मार्चमध्ये आणि उरलेला प्लॉट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटा, असं सुचवलं आहे. सप्टेंबरात दोन्हींच्या काड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तपासायला न्यायच्या, आणि पुढच्या वर्षीची तारीख त्यावरून ठरवायची.